बोल्टभोवतीचा तडा
जुन्या बुलेटची, येझदीची पुढची काच तडकली की दोष उडालेल्या दगडावर जातो. तडा मात्र बऱ्याचदा बोल्टच्या भोकापासून निघालेला असतो. ही काच बहुधा ॲक्रिलिकची, आणि ॲक्रिलिक तापल्यावर पोलादाच्या जवळपास सहापट पसरते. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर अर्धा मीटर काच सव्वा मिलिमीटरहून जास्त वाढते. करकचून आवळलेल्या बोल्टाशी तिने सरकायचे कुठे? म्हणून तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो थांबवावा, मोकळ्या हवेत क्लोरोफॉर्मने सांधावा आणि बसवताना भोक बोल्टपेक्षा मोठे ठेवून रबरी वॉशर घालावेत. एवढा खटाटोप कशाला, नवीच घ्या, असे कुणी म्हणेल. पण नवीही तशीच आवळली, तर तशीच तडकणार. तडा नेमका नजरेसमोर असेल, तर मात्र काच बदलायलाच हवी.