टाक आणि पट्टद गोंबे

कुटुंबाचा वारसा म्हटला की जमीन, घर व दागिने यांचीच आठवण प्रथम होते. परंतु बाजारात फारसे मोल नसतानाही ज्यांच्यामुळे घराण्याला आपली ओळख पटते, अशाही काही वस्तू घरात असतात. बंगळूरच्या काही मराठी कुटुंबांत नवरात्राच्या दिवसांत अशा दोन वस्तू शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

या नगराशी मराठी भाषिकांचा संबंध जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आले. १६८७ मध्ये मोगलांच्या हाती पडलेले हे नगर पुढे ३ लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. सत्ता गेली, तरी मराठी वस्ती नाहीशी झाली नाही. नंतरच्या काळातही नोकरी-व्यवसायानिमित्त अनेक कुटुंबे येथे आली. घरात मराठी आणि दारात कन्नड, अशी त्यांची रीत पडली.

पहिली वस्तू म्हणजे देवघरातील टाक. चांदीच्या लहानशा पत्र्यावर तुळजाभवानी, खंडोबा अशा कुलदेवतांच्या प्रतिमा उठवलेल्या असतात. काही घराण्यांत पूर्वजांचेही टाक करण्याची चाल आहे. नित्याच्या स्नानाने व पुसण्याने प्रतिमा झिजतात; ओळखू येईनाशा झाल्या की त्यांचे विसर्जन करून नवे टाक करवून घेतात. म्हणजे धातू बदलतो, कुलाचार मात्र टिकतो. टाक हे कुळाचे असल्याने रूढीप्रमाणे ते पित्याकडून पुत्राकडे जातात.

दुसरी वस्तू कर्नाटकाची. 'पट्टद गोंबे' म्हणजे राजा-राणीची लाकडी बाहुल्यांची जोडी. मुलीच्या विवाहात माहेरून ती दिली जाते. नवरात्रात पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडतात, तीत या जोडीला मानाचे स्थान असते. तिच्याभोवती दरवर्षी नव्या बाहुल्यांची भर पडते. कन्नड शेजाराच्या सहवासाने काही मराठी घरांनीही हा उत्सव आपलासा केला. एका कोपऱ्यात घट बसतो, समोर बाहुल्या मांडल्या जातात.

या दोन वस्तूंच्या वाटा मात्र भिन्न आहेत. टाक मुलाबरोबर राहतात; बाहुल्या मुलीबरोबर जातात. जोपर्यंत प्रत्येक घरात मुलगा होता व तो तेथेच राहत होता, तोपर्यंत यात अडचण नव्हती. आज एकच मुलगी असलेली, किंवा मुले परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे अनेक आहेत. अशा घरातील वृद्धांना प्रश्न पडतो : आपल्यामागे देवांना पाणी कोण घालणार?

कायद्याने या प्रश्नाच्या एका बाजूचे उत्तर दिले आहे. कर्नाटकाने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना, आणि केंद्र शासनाने २००५ च्या दुरुस्तीने सर्वच मुलींना, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. परंतु वाटणीपत्राने चांदी वाटता येते, कुलधर्म वाटता येत नाही. विवाहित मुलीच्या देवघरात सासरचे टाक असतात, आणि एका देवघरात दोन कुळांचे देव कसे ठेवावेत, असा संकोच उभा राहतो.

याचे उत्तर कदाचित परंपरेतच आहे. भाऊ वेगळे होतात तेव्हा थोरल्याकडे मूळ टाक राहतात व धाकटा नवे टाक करून त्यांची स्थापना करतो. त्याचे देव कोणी कमी प्रतीचे मानीत नाही. जी परंपरा झिजलेला टाक बदलू देते आणि वेगळ्या चुलीला नवा टाक देते, तिला मुलीची चूल परकी का वाटावी?

मात्र त्यासाठी वस्तूबरोबर तिची माहितीही सोपविली पाहिजे. कोणता टाक कोणाचा, चंपाषष्ठीला तळी कशी भरावी, नैवेद्य कोणता, हे ज्या घरात सांगितले जात नाही, तेथे पुत्र असूनही टाक केवळ चांदीचा तुकडा उरतो. जेथे हे सांगितले जाते, तेथे ऐकणारी मुलगी असली तरी वारसा खंडित होत नाही.