अळवावरचं पाणी आणि रेणूंची यंत्रं

'अळवावरचं पाणी' या वाक्प्रचाराचा अर्थ आपण मुलांना सांगतो : क्षणभंगुर. पण अळवावर पाणी का टिकत नाही? इन्सुलीत पावसाळ्यात परसात, व्हाळाच्या कडेला अळू असतंच. त्यामुळे हा प्रयोग बिनखर्चाचा आहे.

बहुतेक मुलं म्हणतात, "पान गुळगुळीत आहे म्हणून." खरं तर उलट आहे. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर असतो. मेणाचं नि पाण्याचं जमत नाही. थेंब उंचवट्यांच्या टोकांवरच राहतो, खाली हवा असते. म्हणून तो गोल होऊन घरंगळतो.

कृती : पानाचा एक भाग फडक्याने चोळा. आता दोन्ही भागांवर पाण्याचे थेंब टाका. चोळलेल्या जागी मेण निघाल्यामुळे पाणी चिकटतं. पान तेच, फक्त वरचा पातळ थर बदलला! (चीक लागला तर खाज येते, म्हणून देठ मोठ्यांनीच कापावा. नंतर हात धुवावेत.)

म्हणजे पाणी चिकटणार की घरंगळणार, हे पृष्ठभागाचा अगदी वरचा थर ठरवतो. चोळलेल्या जागी मेण लगेच परत येत नाही. मग हा थर हवा तेव्हा बदलता आला तर?

शास्त्रज्ञांनी तेही करून दाखवलंय. दोऱ्यात ओवलेला मणी डोळ्यांसमोर आणा. 'रोटॅक्सेन' नावाचा रेणू तसाच असतो : रेणूचाच दोरा आणि त्यावर सरकणारं रेणूचंच कडं. 2005 मध्ये एडिनबर्ग विद्यापीठातल्या डेव्हिड ली यांच्या गटाने सोन्याच्या पातळ थरावर असे रेणू बसवले. अतिनील प्रकाश पडला की कडं सरकतं आणि द्रवाला दूर ठेवणारा भाग झाकतं. थेंबाच्या एकाच बाजूला प्रकाश टाकला, तर ती बाजू जास्त चिकटते आणि थेंब तिकडे ओढला जातो. तो थेंब 12 अंशांचा चढ चढला! कडी सरकली नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात. थेंब मात्र डोळ्यांना दिसेल इतका हलला.

रेणूंची यंत्रं बनवल्याबद्दल सोव्हाज, स्टॉडार्ट आणि फेरिंगा यांना 2016 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मुलांना विचारा : साबणाच्या पाण्याचा थेंब अळवावर टाकला तर काय होईल? उत्तर सांगू नका. आधी अंदाज वहीत लिहू दे, मग करून पाहू दे.