काळीवर घर बांधायचे तर

पाइल म्हटले की मुंबईची खाडी डोळ्यांपुढे येते. घणाने ठोकलेले तयार काँक्रीटचे पाइल, नळी ठोकून जागेवर ओतलेले, रिगने बोअर घेऊन बेंटोनाइटच्या आधाराने भरलेले. पसारा मोठा, काम मात्र एकच, वरचे ओझे मऊ थर ओलांडून कठीण थरापर्यंत पोचवायचे. धाराशिव जिल्ह्यात ही अवजड यंत्रे क्वचितच लागतात. नळदुर्गचा किल्ला बेसाल्टवर उभा आहे, बालाघाटाच्या माथ्यावर थोडे खणले की मुरूम लागतो. म्हणून ‘आपल्याकडे पाइलचे काय काम?’ असे जाणकार म्हणवणारेही विचारतात. माथ्यापुरते त्यांचे खरे आहे. तेरणेकाठच्या खोल काळीत ते साफ चुकतात.

आपल्या गावगाड्यात पिकायची ती काळी आणि वसायची ती पांढरी. काळीवर घर बांधायचे नाही, हा अनुभवाने ठरलेला नियम होता. आता शेतांचे एन.ए. प्लॉट पडले आणि घरे पांढरी सोडून काळीवर आली. पाया मात्र पांढरीवरचाच राहिला. काळीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढी भेग पडते, पावसाळ्यात तीच जमीन जोते वर उचलते. मग दाराची चौकट अडकते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा चढतो. यावर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला अंडररीम पाइल हा माझ्या मते या मातीचा खरा पाया आहे. हाताने फिरवायच्या ऑगरने साधारण साडेतीन मीटर भोक घ्यायचे, म्हणजे ऋतूप्रमाणे हलणारा थर मागे पडतो. मग तळाशी पाती उघडणारे अवजार फिरवून माती कोरायची. खोड 30 सेंटिमीटरचे असेल तर फुगवटा सुमारे 75 सेंटिमीटरचा. वरची माती खोडाला धरून वर ओढू लागली की हा फुगवटा नांगरासारखा रुतून बसतो. म्हणून सळई खालपर्यंत हवीच. डोक्यावरची बीम जमिनीपासून अधांतरी ठेवायची, नाहीतर फुगणारी माती तिलाच उचलते. ही फट विटांच्या तुकड्यांनी बुजवणे म्हणजे केलेले सगळे काम वाया घालवणे.

काही जण म्हणतात, काळी काढून मुरूम भरा. थर पातळ असेल तर तेच करावे. पण खोल काळीतला मुरमाचा खड्डा वाडग्यासारखा पाणी धरतो आणि भोवतालची माती अधिकच फुगते. दुसरा आक्षेप भूकंपाचा. 30 सप्टेंबर 1993 ला लोहारा-उमरगा भागात माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळल्याने; तिथे पाइलने फार काही वाचले असते, असा माझा दावा नाही. भूकंपासाठी भिंतींना पट्टे हवेत, काळीसाठी पाया हवा. एक केले म्हणून दुसरे टळत नाही. भोकात पाणी लागले तर फुगवटा ढासळतो, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे; म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकावे. खेद याचा की आज एकाच नकाशातले फुटिंग माथ्यावरही आणि नदीकाठीही सारख्याच खोलीवर ओतले जाते, जमीन कोणी पाहतच नाही. प्लॉट घेतलात तर नकाशा काढण्याआधी चाचणीचा खड्डा काढा आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते स्वतः उभे राहून मोजून घ्या.