एका पुलाचे दोन पाऊस

जलरंगात काम करणारा चित्रकार कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत पावसाची सर उभी करतो. जपानी ठसाचित्रांतला पाऊस मात्र लाकडातून काढावा लागतो, आणि मला नवल वाटते ते त्याचेच.

हिरोशिगेचे १८५७ सालचे चित्र पाहा. एदो शहर, म्हणजे आजचे तोक्यो. सुमिदा नदीवरच्या शिन-ओहाशी या लाकडी पुलावर अवचित सर कोसळली आहे. कुणी छत्रीखाली अंग चोरले आहे, तर कुणी डोक्यावर चटई ओढून पळत सुटला आहे. खाली नदीत एकटा नावाडी ओंडक्यांचा तराफा हाकतो आहे. आणि या साऱ्यावर केसासारख्या बारीक, तिरप्या रेघांचा पाऊस!

या रेघा कोरलेल्या नव्हेत बरे का, राखलेल्या आहेत. कारागिराने चेरीच्या फळीवर रेघेभोवतीचे सारे लाकूड काढायचे आणि रेघ तेवढी उभी ठेवायची. हात जरा ढळला की रेघ तुटलीच! वरचे काळे आभाळ ही छापणाऱ्याची करामत. फळीवरचा रंग तो हाताने फिका करीत नेतो. म्हणून दोन प्रतींतले आभाळ तंतोतंत सारखे नसते. हे चित्र व्हॅन गॉगला इतके भावले, की १८८७ साली त्याने ते तैलरंगांत उतरवले.

पुढे १९१२ साली याच नावाचा लोखंडी पूल नदीवर उभा राहिला. १ सप्टेंबर १९२३ रोजी भूकंप झाला आणि तोक्यो पेटले. आसपासचे पूल जळाले, हा मात्र टिकला आणि हजारोंचे प्राण वाचले. लोक त्याला तारणारा पूल म्हणू लागले. त्याच आगीत प्रकाशक वातानाबे यांच्या ठशांच्या फळ्या आणि चित्रकार हासुई यांच्या रेखाटनांच्या वह्या भस्मसात झाल्या.

हासुईंनी पुन्हा वह्या भरल्या. १९२६ साली त्यांनी हाच पूल चितारला. रात्रीची वेळ, पाऊस, ओल्या रस्त्यावर दिव्याचा उजेड आणि आपल्या वाटेने चाललेला हातरिक्षावाला.

हिरोशिगेच्या पुलावर माणसे पावसापासून पळताहेत. हासुईंच्या पुलावर ती धांदल नाही. तीनच वर्षांपूर्वी ज्या शहराने आगीपासून पळून हा पूल गाठला, त्याला पावसाची कसली भीती?

१९७७ साली तेथे नवा पूल झाला. जुन्याचा एक भाग मेइजी-मुरा संग्रहालयात जपून ठेवला आहे. त्याच्यावरचा पाऊस मात्र कागदावर राहिला आहे.