पंजाबरावांची ओळख फक्त कृषी विद्यापीठापुरतीच? जाणून घ्या, अंबादेवीचे दार आणि गावची विहीर खुली करण्याच्या लढ्याची गोष्ट

तेल्हारा : डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, की तेल्हारा, अकोट भागातील शेतकरी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची वाट धरतात. २७ डिसेंबर ही डॉ. पंजाबराव देशमुख यांची जयंती. त्यानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात कपाशीचे वाण, अवजारे, फवारणी यंत्रे पाहून लोक परततात. देशाचे माजी कृषिमंत्री ही भाऊसाहेबांची ओळख प्रत्येकाला आहे. मात्र, त्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात शेतीच्या प्रश्नावरून झाली नव्हती. ती झाली मंदिर, विहीर आणि वसतिगृहावरून.

कोण होते पंजाबराव?

जन्म २७ डिसेंबर १८९८, अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी, शेतकरी कुटुंबात. शिक्षण चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२० मध्ये ते विलायतेला गेले. एडिनबरो येथे एम. ए., ऑक्सफर्डला डॉक्टरेट आणि सोबत बॅरिस्टरची पदवी. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. १९२६ मध्ये परतल्यावर त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली.

धर्मग्रंथांचा असा अभ्यास झालेला माणूस मंदिर प्रवेशाच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा 'तुम्हाला धर्म कळत नाही' असे म्हणून त्याला गप्प करता येत नाही.

१९२७ मध्ये अमरावतीत काय घडले?

अंबादेवी हे वऱ्हाडाचे श्रद्धास्थान. नवरात्रात आजही गावोगावचे भाविक तिथे जातात. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला मात्र गाभाऱ्यापर्यंत जाता येत नव्हते. गणेश आकाजी गवई यांच्यासह वऱ्हाडातील दलित कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हाती घेतला. पंजाबराव त्यांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले.

१३ आणि १४ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून ते आले होते. परिषद सुरू असतानाच त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार आली. दुखवट्याचा ठराव झाला आणि कामकाज पुढे चालले.

मंदिराच्या बाजूने दादासाहेब खापर्डे यांच्यासारखी वजनदार मंडळी होती. त्यांनी मुदत मागितली आणि सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला.

मग हा लढा फसला का?

लगेच दार उघडले नाही, हे खरे. पण अहिंसक लढ्याची रीत इथे स्पष्ट दिसते. आधी विनंती, मग जाहीर परिषद, मग मुदत आणि शेवटी सत्याग्रहाची तयारी. समोरच्याला विचार करायला वेळ द्यायचा, पण मागणी सोडायची नाही. पुढे १९५५-५६ मध्ये अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी वर्षभर शहर बसवर बहिष्कार टाकला. त्यामागेही हाच संयम होता.

पंजाबरावांनी काय पणाला लावले?

स्वतः पंजाबरावांना ना मंदिर बंद होते, ना विहीर. ज्या शेतकरी समाजाच्या पाठिंब्यावर त्यांना राजकारण करायचे होते, त्यातलेच अनेक जण या मागणीच्या विरोधात जाणार, हे उघड होते. तरीही ते मागे हटले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. अमरावतीत सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालयही त्यांनी सुरू केले. जातिभेद मानत नाही, हे त्यांनी आधी आपल्या घरात करून दाखवले.

विहिरीचा निर्णय महत्त्वाचा का?

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्याचा निर्णय घेतला. महाडच्या सत्याग्रहामागे मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा बोले ठराव होता. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात असल्याने तो इथे लागू नव्हता. त्यामुळे स्थानिक संस्थेनेच पाऊल उचलणे गरजेचे होते.

या निर्णयाचे मोल तेल्हारा तालुक्यातील माणसाला वेगळे सांगायला नको. सातपुड्याच्या पायथ्याची गावे सोडून पूर्णेकडे सरकले, की खारपाणपट्टा लागतो. आता वान धरणाचे पाणी नळाने येते. पण ज्या काळी विहीर हाच आधार होता, त्या काळी अशा भागात गोड्या पाण्याची एखादीच विहीर असली आणि तिच्यावर घागर लावायला मनाई असली, तर त्या घरातल्या बाईने पाणी आणायचे कुठून? कुणी ओंजळीत ओतेल, तेव्हाच प्यायचे. हे नुसते मानापमानाचे प्रकरण नव्हते. जगण्याचाच प्रश्न होता.

पुढे काय झाले?

१९३० मध्ये ते प्रांतिक मंत्री झाले. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. तिच्या शाळा-महाविद्यालयांत वऱ्हाडातील बहुजनांच्या पिढ्या शिकल्या. पुढे ते संविधान सभेचे सदस्य आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे, म्हणजे त्यांच्या पश्चात सुरू झालेले.

संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही कुठे अडवता येणार नाही, त्या सार्वजनिक ठिकाणांची यादी आहे. दुकाने, उपाहारगृहे, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्यासोबत त्या यादीत आणखी एक शब्द आहे : विहिरी.