तरुण सुरतेला, गावात म्हातारी माणसं

गाव म्हातारं होतं ते दोन कारणांनी: पाळणे कमी हलतात आणि कमावती पोरं बाहेर जातात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं आहेत. पिढी भरून निघायला साधारण 2.1 लागतात. जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू गावांना दुसरं कारण जास्त जाचतं. वाटण्या होऊन शेतं लहान झाली, जळगावची खानदेश मिल ही कापडगिरणी बंद पडली. म्हणून तरुण ताप्ती लाइनच्या रेल्वेगाडीने सुरतेच्या उधना-लिंबायत भागात कामाला गेले. कपाशी वेचायला साठीपुढचे हात उरले. निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये जेमतेम औषधपाण्याला पुरतात. म्हाताऱ्यांना खरा आधार द्यायचा, तर पोरांना तालुक्यातच सूतगिरणीत, केळीप्रक्रियेत काम मिळायला हवं.