थंडीतला प्रवास आणि तांबडी पट्टी

हिवाळ्यासाठी मोटार सज्ज करणे ही बर्फाच्या देशातील बाब आहे, असा आपला समज असतो. तो खरा नाही. दसरा-दिवाळी आटोपली की पाथर्डी तालुक्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढील चार-पाच महिने अहिल्यानगर जिल्ह्याचे रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. नेमक्या त्याच दिवसांत रात्र लांबते आणि पहाटे धुके उतरते.

गेल्या पौषात तिसगावहून पहाटेच नगरला निघालो होतो. करंजी गाव मागे पडले आणि घाटाच्या अलीकडे धुक्यातून उसाची ट्रॉली एकाएकी समोर आली. चाक पंक्चर झालेले, मागे दिवा नाही, इशाऱ्यादाखल रस्त्यावर चार दगड मांडलेले. ब्रेक वेळेवर लागला म्हणून बचावलो. संताप अनावर झाला होता. परंतु खाली उतरून पाहतो तो माझ्याच मोटारीचा पुढचा एक दिवा बंद! वायपरचे रबर तर उन्हाळ्यातच कडक होऊन गेले होते. दोषांचा ताळेबंद मांडला असता, तर दोन्ही बाजूंना नोंदी झाल्या असत्या.

आपल्या बाजूच्या नोंदी पुसणे फारसे खर्चाचे नाही. तापमान दहा अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब साधारण दीड-दोन पौंडांनी उतरतो. दख्खनच्या पठारावर दुपार आणि पहाट यांत याहूनही अधिक अंतर पडते. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर तो बदलावा. थंडीत बॅटरीची शक्ती घटते, म्हणून जुनी बॅटरी आधीच तपासून घ्यावी. काच व दिवे रोज पुसावेत. धुक्यात दिव्याचा झोत खालीच ठेवावा. वरचा झोत धुक्याच्या कणांवर आदळून आपल्याच डोळ्यांवर परततो. वेग इतकाच असावा की, जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबेल.

मात्र एवढ्याने प्रश्न सुटत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्या प्रत्येक अपघाताचे कारण एकट्या चालकाच्या हाती होते, असे कोण म्हणेल? अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, एखाद्या कृतीचा लाभ करणाऱ्यापुरता न राहता इतरांनाही होत असेल, तर ती कृती समाजाच्या गरजेपेक्षा कमीच घडते. ट्रॉलीमागील तांबड्या परावर्तक पट्टीचे नेमके असेच आहे. पैसे गाडीवानाने मोजावयाचे आणि जीव मागून येणाऱ्याचाही वाचावयाचा! त्यात गाडीवान उचल घेऊन आलेला. पहाटेच्या अंधारात फडात उतरणारा. त्याच्या हिशेबात ही पट्टी शेवटी येते, याचे नवल वाटू नये.

म्हणून हा खर्च सामुदायिक असला पाहिजे. काही कारखान्यांवर हंगामाच्या आरंभी अशा पट्ट्या लावण्याचे कार्यक्रम होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु महिनाभरात पट्टीवर धूळ बसते, बाहेर आलेल्या उसाच्या वाढ्यांनी ती झाकली जाते. वजनकाट्यावर प्रत्येक खेपेस उसाचे वजन होते; त्याच वेळी मागची पट्टी पाहून, पुसून गाडी सोडणे कठीण नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखाना उभा करून दाखविला, त्या जिल्ह्याला एवढा सहकार अवघड वाटू नये.

धुक्यातील ती ट्रॉली कोणा परक्याची नव्हती. बोलता बोलता समजले, गाडीवान आमच्याच तालुक्यातला. पोरे गावाकडे आजीपाशी शाळेसाठी ठेवून तो आला होता. त्या पहाटे माझा ब्रेक लागला नसता, तर हानी केवळ माझ्या घरची झाली नसती.